सरांच्या पेशी

पडद्यावरची रेघ सपाट पडली होती. सत्काराचा दौरा आटोपून सर आज सकाळीच परतले होते. पेशी चमकल्या की ती रेघ उसळी घ्यायची, आणि सर गेल्यापासून तिने एकदाही मान वर केली नव्हती. सरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कुणी केलं हे?"

संध्याकाळी बडे पाहुणे यायचे होते. त्यांच्यासमोर सर शोध जाहीर करणार, पाहुणे मान डोलावणार आणि सरांच्या नावाची नवी प्रयोगशाळा उभी राहणार, असा सगळा बेत. शोधही तोंडात बोट घालावं असाच होता. प्रत्येक पेशीच्या पोटात दिवसरात्रीचं घड्याळ असतं. सरांनी ते चालवणारं जनुकच कापून टाकलं. तरी त्या बंद, उबदार कपाटातल्या पेशी रोज सकाळी न चुकता चमकायच्या! म्हणजे आत दुसरं घड्याळ होतं, आजवर कुणालाच न सापडलेलं. त्याला नाव कुणाचं द्यायचं हेही सरांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या कुणाचं देणार?

पेशींवर त्यांचा भारी जीव. सकाळी आले की कोटही न काढता कपाट उघडायचे, पेशींची बशी खिडकीपाशी नेऊन लाडाने विचारायचे, "काय पोरींनो, उठलात का?" मग मोर्चा उशिरा येणाऱ्यांकडे वळायचा. "यांचं घड्याळ काढून घेतलं तरी या वेळेवर. तुमच्या मनगटावर बांधलंय, तरी उशीर!" सगळे हसायचे. न हसून सांगतात कुणाला? कपाटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सहायिकेने एकदा "सर, ते दार..." असं काढलं होतं. "तू मला शिकवणार?" म्हणून सरांनी तिला तिथेच गप्प केलं होतं.

आता ते तिच्याच अंगावर धावून गेले. "मी पाठ फिरवली आणि तुम्ही वाटोळं करून ठेवलंत! खरं सांग, माझ्यामागे ते कपाट कुणी उघडलं?"

तिने पहिल्यांदाच सरांच्या डोळ्याला डोळा दिला.

"कुणीच नाही, सर. म्हणून तर त्या चमकल्या नाहीत."