वृंदाची सुई

चित्राच्या यांत्रिक हातात नवा प्रोसेसर बसवला आणि हाताचा स्पर्शच गेला. स्पर्श कुठे अडतो ते शोधणारी ‘सुई’, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, वृंदाने लिहिली होती. पण जुन्या प्रोसेसरसाठी. वृंदा वारल्यावर तिच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, ती नव्यासाठी लिहायला घेतली.

आज सुईला जागा सापडली, तिने हात थांबवला, पण तो तिथेच थिजला.

“काका, धरून काय बसलात? सोडा की!” चित्रा म्हणाली.

वृंदाची टीप समोरच होती: थांबव, बघ, जाऊ दे. थांबवलेला हात जुना प्रोसेसर आपोआप सोडायचा. इथे सोडणं लिहावं लागणार होतं. ती एक ओळ लिहायला अनंतरावांना वेळ लागला. मग त्यांनी अडलेली जागाही दुरुस्त केली.

हात हलला. चित्राने त्यांच्या गालाला त्याच हाताचं बोट लावलं.

“काका, दाढी करा. टोचतेय!”