अर्धी गोळी

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं, तापात रुतिकाला घरातली कुठली गोळी दिली होती का. नाव कळलं नाही आणि तेच औषध पुन्हा पोटात गेलं, तर पोरगी हाताला लागणार नाही, हेही सांगितलं.

सहा वर्षांची रुतिका नेरूळच्या दवाखान्यात काचेपलीकडे होती. तीन दिवस साधा ताप, मग ओठ सोलले, पाठीवर भाजल्यासारखे फोड आले. तिच्या बापाला, कृष्णातला, काही ठाऊक नव्हतं. आई उज्वला हातातल्या चादरीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली.

"म्या दिली," आजी शकुबाई म्हणाली. "माझ्या गुडघ्याची. अर्धी."

डॉक्टरांनी नाव लिहून घेतलं. कृष्णात आईला बाहेर घेऊन गेला. तो काय बोलला ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. संध्याकाळी त्याने तिला जुईनगरला, आपल्या बहिणीकडे, भाग्यश्रीकडे सोडलं. पोरगी बरी होईपर्यंत तोंड दाखवू नकोस म्हणाला.

उज्वला सासूला एका शब्दाने बोलली नाही. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, दुसरी असती तर झिंज्या उपटल्या असत्या.

बारा दिवस ती लेकीपाशी होती. कापसाने ओठ ओले करायची. हात ठेवायला फक्त डावी टाच कोरडी होती. टाच धरूनच ती बसल्या बसल्या डुलकी काढायची.

बाराव्या दिवशी रुतिकाने वरणभात मागितला. तपासणीचे कागदही त्याच दिवशी आले. डॉक्टर म्हणाले, कारण बहुतेक विषाणूच. तोंड गोळीच्या आधीच आलं होतं. क्वचित एखाद्या मुलात संसर्ग असा कातडीवर उलटतो. गोळी द्यायला नको होती, पण हे तिचं काम दिसत नाही.

कृष्णातने भाग्यश्रीला बोलावून घेतलं. मग तिला पोरीजवळ बसवून तो आणि उज्वला दोघं जुईनगरला गेली.

त्याने आईचे पाय धरले. "चुकलो आई. घरी चल."

शकुबाईने आधी नात काय काय खाते ते विचारलं. मीठ कमी घाला, ओठ झोंबतील, म्हणाली. मग लुगडी पिशवीत भरली. तो पिशवी घेऊन रिक्षा थांबवायला खाली उतरला.

उज्वला वाकायला लागली, तर शकुबाईने तिला दंडाला धरून उभं केलं.

"त्याला आता सांगत बसू नगंस," ती हळूच म्हणाली. "गोळी तू दिलीस ते मला ठावं हाय, तेवढं बास."