वडील आजारी आहेत, निघ

वळण घेताच तालायला अंगणातला तंबू दिसला. लोकरीच्या जाड नमद्याचा, गोल, घराच्या भिंतीला लागून उभारलेला. शेजारी पक्कं घर असताना, ऐन हिवाळ्यात, आम्हा किरगिझांच्या अंगणात तंबू उभा राहतो तो मयतासाठीच.

म्हणजे खरंच होतं तर.

तसं त्याला मॉस्कोतच कळलं होतं. चुलतभाऊ मेदेरचा फोन आला होता, "दादा, काका जरा आजारी आहेत. निघ." आमच्याकडे मेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. आजारी आहे म्हणतात, ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं. तालाय समजला. "आईला दे," एवढंच तो म्हणाला. "काकू बोलण्यासारखी नाही रे," मेदेर म्हणाला. तेही बरोबरच वाटलं. नवरा गेलेली बाई फोनवर काय बोलणार?

विमानतळावर मेदेरच गाडी घेऊन आला होता. दोलोनची डोंगरखिंड ओलांडेपर्यंत तो समोर बघून गाडी चालवत राहिला. तालायला एकच गोष्ट खात होती. तीन वर्षांपूर्वी तो मॉस्कोला निघाला तेव्हा बाप दारात आडवा उभा राहिला होता. "घरची मेंढरं सोडून परक्यांच्या गल्लीतला बर्फ उपसायला चाललास? जा. माझ्या मातीलाही येऊ नकोस." तालायही काही कमी नव्हता. "नाही येणार," म्हणाला होता. त्यानंतर बापलेक बोललेच नाहीत. फोन आईच करायची. "तुझा म्हातारा ठणठणीत आहे हो, भांडायला मला भारी पडतोय," असं मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, शेजारीच बसलेल्या बापाला ऐकू जावं म्हणून. तालाय हसायचा आणि विषय बदलायचा. घाई काय आहे, असं वाटायचं.

आता घाई करून उपयोग नव्हता. रडायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती. त्यातल्या त्यात आधार एकच, आई आहे. तंबूत शिरायचं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं. बोललो तसं मनात नव्हतं, हे तिला तरी ठाऊक होतं.

मेदेरनं गाडी घरापासून लांबच थांबवली. आमच्यात लेकानं दारापर्यंत मुकाट्यानं जायचं नसतं. लांबूनच धावत यायचं, गेलेल्या माणसाला हाका मारत, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं रडत.

"उतर, दादा," मेदेर म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

तालाय धावत सुटला. "बाबा! माझ्या बाबा! चुकलो हो मी, बाबा!" तीन वर्षं घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तंबूबाहेर कमरेला सुतकाचे पट्टे बांधलेले घरचे पुरुष काठ्यांवर वाकून रांगेत रडत होते. त्याची हाक ऐकली आणि ते गप्प झाले. आत बायकांचं शोकाचं गाणं चाललं होतं, तेही अडखळलं.

रांगेतून एक म्हातारा निघाला. बर्फातून धडपडत आला आणि त्यानं तालायला घट्ट धरलं. अंगाला तोच मेंढरांचा वास, गालाला तीच खरखरीत दाढी.

"बाबा?" तालायला हसू फुटलं. काही केल्या आवरेना. "बाबा, तुम्ही आहात! अहो, तुम्ही आहात!" तो बापाचं तोंड, खांदे, हात चाचपत राहिला. एवढा आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता.

म्हाताऱ्यानं त्याला पोटभर हसू दिलं. मग त्याच्यासाठी आणलेला पट्टा त्याच्या कमरेला बांधला आणि एक काठी त्याच्या हातात दिली.

"आजारी मी आहे असं सांगा, हे मीच म्हणालो त्यांना," तो म्हणाला. "खरं कळलं असतं तर तू वाटेतच कोसळला असतास. मी गेल्याचं दुःख घेऊन निदान घरापर्यंत पोचशील, म्हटलं."

"बाबा..."

"बाबा नको, पोरा. आई म्हणून रड."