उजवा कौल

कॉलेजच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून गौरवी वर्षभर हळर्ण गावी घरात बसून होती. शेवटी तिच्या आईनं, देवकीनं, देवळात मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. "देवा, माझ्या चेडवाक कॉलेजवाले परत बोलवतले काय?" मूर्तीच्या उजव्या अंगाची पाकळी पडली. म्हणजे होय.

आठवड्याभरात कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. "रॅम्प झालाय. गौरवीला घेऊन या."

देवकीनं लेकीची पुस्तकं पुसून पिशवीत भरली आणि पिकअप ठरवून व्हीलचेअर त्यात चढवली.

कॉलेजात विद्यापीठाची समिती पाहणीला आली होती. गौरवी रॅम्पवरून वर गेली, खाली आली. फोटोसाठी पुन्हा वर गेली. साहेबांनी खूश होऊन माना डोलावल्या आणि त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या.

"मॅडम, मग उद्यापासून हिला वर्गात आणू?"

"वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो हो. लिफ्ट कुठाय आपल्याकडे? आज वेळेवर आलात, फार बरं झालं."

परतताना देवळाजवळ गौरवी म्हणाली, "आई, देवानं फसवलं गो आपल्याला."

देवानं फसवलं नव्हतं. बोलावतील का, एवढंच देवकीनं विचारलं होतं. ठेवून घेतील का, हे विचारायचं राहून गेलं होतं.