तीन नंबरचा लाल दिवा

फाटकावर एकावर एक ठोकलेल्या चार मालकांच्या चार पाट्या. जावयाच्या हातात मापं घ्यायची कोरी करकरीत टेप. लेकीने दोघांत दिलेला एकच डबा. आणि भर दुपारी तीन नंबरच्या स्टुडिओच्या दारावर पेटलेला लाल दिवा.

म्हातारा दिवेवाला थबकला. आत शूटिंग चालू असलं की तो दिवा लागतो, आणि विझेपर्यंत दार उघडायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पण आत सहा वर्षांत कॅमेरा आला नव्हता.

"थांबा जावईबापू, दिवा विझू द्या."

जावई नव्या मालकाचा माणूस. स्टुडिओ पाडण्याआधी त्याला आतली मापं हवी होती. तो हसला. "मामा, मालक बदलला, आता नियमही बदलले!" तो आत गेला आणि दार लागलं.

आत शॉट सुरू करणारा क्लॅप वाजला. खट्.

"मामा, मालक बदलला, आता नियमही बदलले!"

पोरगा थट्टा करतोय, असं म्हाताऱ्याला वाटलं. "पुरे की आता! डबा निवतोय."

खट्. तेच वाक्य. या वेळी हसू जरा आधी आलं.

अकराव्या वेळी वाक्यात हुंदका होता. बाराव्या वेळी हुंदकाही गेला होता. आवाज घोटून गुळगुळीत झाला होता, आणि त्यात जावई कुठेच नव्हता.

म्हाताऱ्याने कडीला हात घातला. वर पाहिलं, दिवा अजून लालच. तीस वर्षांच्या सवयीने हात आपसूक मागे आला.

खट्.

त्या दिव्याची वायर त्याने सोमवारी स्वतःच्या हाताने कापली होती.