कार्डावर सही होईपर्यंत

"काका, अकरा फटक्यांची आघाडी आहे! आता तरी कोरायला घ्या," स्पर्धेचे सचिव तिसऱ्यांदा म्हणाले.

"कार्डावर सही होऊ दे," म्हातारा कारागीर म्हणाला आणि त्यानं चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला.

तंबूतल्या टीव्हीवर अठरापैकी सोळावा होल चालला होता. गोल्फची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा. गुरुवारी सकाळी पहिला फटका बसला तेव्हापासून आज रविवारपर्यंत एकच पोरगी पुढे होती. बाकीच्या भल्याभल्या खेळाडू दुसऱ्या नंबरासाठी आपसात झगडत होत्या.

कारागिरासमोर टेबलावर काळं फडकं होतं आणि त्यावर पिशवीत बांधलेला चांदीचा करंडक. विजेती शेवटचा होल संपवून फटक्यांची नोंद असलेल्या कार्डावर सही करते तेव्हा निकाल पक्का होतो, आणि ती बक्षीस घ्यायला येईपर्यंत करंडकावर तिचं नाव उमटलेलं असावं लागतं. एकतीस वर्षं हे काम त्याच्याकडे होतं.

आणि ती पुढे असलेली पोरगी त्याचीच होती.

"तुमच्या जागी मी असतो ना, तर एव्हाना नाचत सुटलो असतो," सचिव म्हणाले.

"मग नाव वाकडं आलं असतं."

सचिवांनी कपाळाला हात लावला. या माणसानं आठवडाभर त्यांचा जीव खाल्ला होता. करंडक दरवर्षी चारही दिवस तंबूच्या दारात मांडलेला असायचा. यंदा यानं तो पॉलिशला म्हणून घरी नेला आणि बुधवारी संध्याकाळी परत आणला तो असा गाठोडं करून. म्हणे कडीचा सांधा नाजूक झालाय, कुणी हात लावायचा नाही! फोटोवाले रडले, प्रायोजक रुसले, हा आपला ढिम्म.

"अहो, पण भीती कसली वाटते तुम्हाला?"

"मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांचं काय झालं माहीत आहे?" कारागिरानं कप खाली ठेवला. "पुरुषांच्या स्पर्धेत एक गडी पाच फटक्यांनी पुढे होता. एकच होल राहिला होता. तुमच्यासारख्याच कुणीतरी घाई केली, आणि गुरुजींनी नाव कोरलं. त्या गड्यानं तीन चेंडू तळ्यात घातले, साहेब. हरला. नाव खरवडून काढावं लागलं. त्या करंडकावर अजून बोट फिरवलं की तिथली चांदी पातळ लागते. त्यानंतर त्यांच्या हातात कुणी साधा चमचासुद्धा दिला नाही. चांगला धडधाकट माणूस, घरी बसला."

"हं."

"आणि इथं तर पोटची पोर. एक अक्षर आधी कोरलं आणि ती हरली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तिच्याही."

 सचिवांना राहवेना म्हणून ते बोललेच. "काल ती वार्ताहरांना काय म्हणाली, ऐकलंत? 'सगळ्या जगाला वाटतं मी जिंकेन, फक्त माझ्या बाबांना सोडून.'"

म्हाताऱ्यानं ऐकलं होतं. ते त्याला चांगलंच लागलं होतं.

सोमवारी तिचा फोन आला होता. "बाबा, एकदा तरी म्हणा ना, तू जिंकशील म्हणून." आणि तो सवयीनं बोलून गेला होता, "कार्डावर सही झाली की म्हणेन." तिनं फोन ठेवून दिला होता.

लहानपणी हीच पोर त्याच्या टेबलाशी हनुवटी टेकून बसायची. तो कोरायचा, ती फुंकर मारून चांदीचा भुगा उडवायची आणि दोघांचे कपडे माखायचे. काम हातावेगळं झालं की तो भांड्याच्या पायाच्या आतल्या कडेला त्या दिवसाची तारीख तीळभर आकड्यांत कोरायचा. डोळे बारीक करून ती मोठ्यानं वाचायचा मान तिचा. "बाबा, उद्याची घाला ना," ती एकदा म्हणाली होती. तो ओरडलाच होता. "काम ज्या दिवशी झालं तीच तारीख. त्यात खोटेपणा चालायचा नाही."

टीव्हीवर एकदम हाय हाय झालं. अठराव्या होलवर तिचा चेंडू वाळूत गेला होता. सचिवांना घाम फुटला. म्हातारा उठून उभा राहिला, खुर्ची कलंडली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

तिनं वाळूत पाय रोवले आणि चेंडू असा अलगद उचलला की तो थेट होलमध्ये जाऊन पडला. बारा फटक्यांनी विजय! असं या स्पर्धेत कधी झालं नव्हतं. बाहेर नुसता कल्लोळ उठला. सचिवांनी म्हाताऱ्याला मिठीच मारली.

"थांबा हो, सही होऊ दे!"

पाच मिनिटांनी टीव्हीवर तिनं कार्ड तपासून सही केली.

"आता सगळे बाहेर," म्हातारा म्हणाला आणि त्यानं पडदा ओढून घेतला.

सचिव बाहेर येरझाऱ्या घालत राहिले. चार मिनिटांत पडदा उघडला. करंडक लखलखत होता, नाव सुबक, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. काळ्या फडक्यावर कणभर कचरा नव्हता, आणि म्हाताऱ्याचा पांढरा शर्ट होता तसा स्वच्छ.

"कमाल आहे काका! हात अजून काय चालतो तुमचा!"

"चला, पोर वाट बघतेय."

हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. करंडक द्यायला त्यालाच पुढे केलं. तिनं तो घेतला, पण हनुवटी वर करूनच.

"झाली सही, बाबा. आता तरी म्हणा."

"जिंकलीस गं," तो म्हणाला.

"आता काय, आता सगळेच म्हणतात," ती हसली, पण डोळे भरले होते. तिनं करंडक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. गर्दी बेभान झाली. मान वर होतीच, करंडकाच्या पायाची आतली कड डोळ्यांसमोर आली, आणि लहानपणच्या सवयीनं तिनं शेवटची तारीख वाचली.

बुधवारची होती.