दुसऱ्या भागातला मुलगा

“बघा, आता येतोय,” म्हणत रत्नव्वानं शेजारच्या बाईचा हात दाबला.

पडद्यावर विहिरीचं पाणी हललं. काठावर आधी दोन हात आले, मग भिजलेलं डोकं, आणि मग एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा सगळाच्या सगळा वर आला. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी किंचाळल्या. रत्नव्वा मात्र पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहत होतं. भुताला बघून कुणाला असा पान्हा फुटतो का? पण ते भूत तिचं होतं.

बारा वर्षांपूर्वी ह्या पिक्चरच्या पहिल्या भागाचं शूटिंग शाहूवाडीकडं झालं, तेव्हा विहिरीतल्या पोराचं काम तिच्या लेकानं, शिवांशनं केलं होतं. सात वर्षांचा होता. दोन वर्षांनी डेंग्यू झाला आणि चार दिवसांत गेला.

मग मागच्या साली दुसऱ्या भागाची माणसं घरी आली. विहिरीतलं पोर आता मोठं झालंय असं दाखवायचंय, शिवांशचाच चेहरा कॉम्प्युटरवर वाढवायचा विचार आहे, असं म्हणाली. रत्नव्वानं अख्खा अल्बम काढून दिला. पुढं काही निरोप नाही की फोन नाही. आला तो थेट पिक्चरच.

पिक्चरला लोकांनी नावं ठेवली. पहिल्याची सर नाही, भुतं कधी वाढतात का, असं चहाच्या गाड्यावरसुद्धा चाललं होतं. तिचा नवरा शिवय्या तर दुकानातनं उठलाच नाही. “पहिल्यातलं पोरगं आपलं. दुसऱ्यातलं कोण, मला म्हाईत न्हाय,” एवढंच म्हणाला. रत्नव्वा चिडली. बाप आहे का दगड, असं तोंडावर बोलली आणि एकटीच निघाली. तेव्हापासून रोज बाराचा शो. लेक वाढला असता तर कसा दिसला असता, हे दहा वर्षं तिनं मनात रंगवलं होतं. आता तो डोळ्यांसमोर चालत होता, मिसरूड फुटलेला.

तिसऱ्या दिवशी ही शेजारच्या खुर्चीवरची चिमणाबाई भेटली. गारगोटीकडची, इथं भाचीकडं उतरलेली. तीही रोज यायची, त्याच रांगेत बसायची. बोलायची कमी.

मध्यंतरात रत्नव्वानं तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

“पहिला भाग कसा वाटलेला तुम्हाला?”

“म्या बघितलाच न्हाय.”

“अगं बाई! पहिला न बघता दुसरा कळतोय तरी कसा?”

“मला एवढाच बघायचा हाय.”

रत्नव्वाला तिची कीव आली. घरात करमत नसेल, दुसरं काय!

“लोकं म्हणत्यात,” चिमणाबाई लाडवाकडं बघत म्हणाली, “पहिलं भूत भारी हुतं. ह्या पोराला काम जमलं न्हाय म्हणत्यात.”

“डोळं फुटलं त्यांचं! चालतोय बघा कसा, डावा खांदा पाडून. डिट्टो बापावर गेलाय.”

चिमणाबाईनं लाडू न खाताच पदरात बांधला. “व्हय,” ती म्हणाली. “बापावरच गेलाय.”

तेवढ्यावर रत्नव्वाला ती सख्ख्या बहिणीसारखी वाटायला लागली. मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या वेळी शिवांशच्या गळ्यातलं लिंगायतांचं इष्टलिंग काढून ठेवा म्हणाले होते. तिनं साफ सांगितलं, लिंग काढून पोराला विहिरीत उतरू द्यायची न्हाय. म्हणून त्या भुताच्या गळ्यात लिंग. दुसऱ्या भागातही त्यांनी ते ठेवलं.

“पण दोरा लय लांब केलाय बघा. पार पोटाखाली लोंबतंय. आमच्यात छातीवर असतंय, बेंबीच्या खाली जाऊ देत न्हाईत. कॉम्प्युटरला काय कळतंय म्हणा!”

“कुणी सांगितलंच न्हाय त्याला,” चिमणाबाई म्हणाली. “इचारलं आसंल. सांगणाऱ्याला म्हाईत पायजे की.”

रत्नव्वा हसली. कॉम्प्युटर विचारतो होय! भोळी बाई.

शेवटी तो विहिरीत परत उतरायचा, तेव्हा चिमणाबाई रोज डोळे मिटून घ्यायची. “खोटं हाय ओ ते,” रत्नव्वा तिला समजवायची. ती मान हलवायची, पण डोळे उघडायची नाही.

गुरुवारी पिक्चर उतरला. उद्यापासून दुसरा लागणार होता. शेवटचा शो संपल्यावर डोअरकीपर दत्तप्रसादनं बाहेरचं मोठं पोस्टर काढलं, गुंडाळी केली आणि चिमणाबाईच्या हातात दिली. तिनं आधीच मागून ठेवलं होतं.

रत्नव्वाला राहवलं नाही.

“अहो, ते मला द्या की. तुम्ही काय करणार त्याचं? माझ्या लेकाचा मोठेपणीचा एक फोटो न्हाय घरात. बाकीच्यांच्या पोरांचं लग्नाचं फोटो लागलेत भिंतीवर. माझ्या भिंतीवर सात वर्षांचं पोर तसंच हसतंय.”

बोलता बोलता तिला हुंदका फुटला. चार माणसं बघायला लागली, तरी तिनं हात पुढं केलेला तसाच ठेवला.

चिमणाबाईनं गुंडाळी पोटाशी धरली होती. ती रत्नव्वाकडं बघत राहिली. मग पोस्टर तिच्या हातावर ठेवलं आणि वरनं दोनदा हात फिरवला.

“घ्या. नीट न्या. कडंला फाटलंय जरा.”

एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली. निरोपसुद्धा नीट घेतला नाही तिनं.

रत्नव्वानं नाक पुसलं. “देवमाणूस हो. दहा-बारा दिस शेजारी बसले, पण कुणातली, काय, कधी इचारलंच न्हाय बघा.”

दत्तप्रसाद तिच्याकडं बघतच राहिला.

“असं काय करताय मावशी? अमरसिंहची आई हाय ती. ह्या पोस्टरवरचं पोरगं तिचंच की, त्यानंच केलंय विहिरीतलं काम. शूटिंग संपलं आन् आठव्या दिवशी कागलच्या रस्त्याला गाडीवरनं पडून गेलं.”